भिंत धुतली तरी ट्रिटियम पुन्हा का सापडतं?

तुम्ही विचारलंय की ट्रिटियम हाताळलेल्या खोलीची काँक्रीटची भिंत धुतली, तपासणीत ती साफ निघाली आणि महिन्याभरानं तिथंच पुन्हा ट्रिटियम सापडलं, मग धुणाऱ्यानं हयगय केली का?

बहुधा नाही. मी अशा भिंतींची तपासणी केली आहे, आणि दोष बहुतेक वेळा पुसणाऱ्याच्या हाताचा नसतो. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनच, फक्त किरणोत्सारी, अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं. ते पाण्याच्या रेणूत शिरलं की पाण्यासारखंच वागतं. आणि सिमेंट तर वरून कितीही कोरडं दिसलं तरी पाणी धरूनच असतं: थोडं बारीक छिद्रांत मोकळं, बाकीचं सिमेंटच्या रचनेतच बांधलेलं. दमट हवेतून आलेलं ट्रिटियमयुक्त पाणी आधी छिद्रांत मुरतं, मग बांधलेल्या पाण्यातल्या साध्या हायड्रोजनशी जागा बदलतं. जिप्सम, रंग आणि लाकूड यांतही अशीच अदलाबदल होते.

आत शिरलेलं सगळं आल्या वाटेनं परतत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. खोलीतला स्रोत काढला तरी काही भाग आणखी खोल, अजून स्वच्छ असलेल्या थराकडे सरकत राहतो. म्हणून शिरायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ बाहेर यायला लागतो. तुम्ही धुतलात तो वरचा थर. खालचं ट्रिटियम हळूहळू वर आलं आणि पृष्ठभागावर पुन्हा साठलं. हवा दमट असेल तर अदलाबदल वाढते आणि ते लवकर सुटतं. वरून रंग मारला तर वेग मंदावतो इतकंच. पुढे भिंत तोडणाऱ्याला तो त्रास आयताच मिळतो.

त्यात मोजणीही फसवी. ट्रिटियममधून सुटणारा बीटा कण (म्हणजे इलेक्ट्रॉन) इतका दुबळा की पाण्यात जेमतेम 6 मायक्रोमीटर जातो. किरणोत्सार मोजणारा साधा गायगर काउंटर भिंतीला टेकवून धरला तरी गप्पच राहतो. आम्ही गोल फिल्टर कागद भिंतीवर फिरवून सिंटिलेशन द्रवाच्या (किरणोत्सारानं चमकणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत टाकून ती चमक मोजतो, पण तो कागदही फक्त वरचंच सांगतो.

खरा अंदाज हवा असेल तर भिंतीतून गाभ्याचा नमुना, म्हणजे आतपर्यंत कापलेला दंडगोल, काढून घ्या. कापताना पाणी वापरू नका, ते ट्रिटियम धुऊन नेतं; आणि कापणी सावकाश करा, कारण तापलं की ते उडून जातं. मग पृष्ठभागापासून वेगवेगळ्या अंतरावरचे तुकडे भट्टीत तापवून निघालेली वाफ थंड करा आणि ते पाणी मोजा. बांधलेलं पाणी सुटायला काही शे अंश तापमान लागतं, 100 अंशांवर थांबलात तर बराचसा साठा आतच राहील.