सिन्स की फॉर? पाच वर्षांचा घोळ

प्रश्न आलाय तो असा, 'आय ॲम लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य इंटरव्ह्यूत चुकीचं ठरवलं, पण 'पाच वर्षांपासून राहतोय' म्हणजे सिन्सच ना?

नाही ओ. आपलं 'पासून' दोन्हीकडं चालतं, 'सोमवारपासून' पण आणि 'पाच वर्षांपासून' पण, म्हणून तर आपल्याकडं रजेच्या अर्जात सर्रास 'फीवर सिन्स टू डेज' असतं. इंग्रजीत मात्र सिन्सला सुरुवात कधी झाली ते लागतं, म्हणजे सोमवार, सकाळ, 2019 असं काहीतरी, आणि फॉरला किती काळ ते लागतं. मी मुलांना सांगतो की वाक्य आधी मराठीतच फिरवून बघा, 'पाच वर्षं झाली' किंवा 'गेली पाच वर्षं' असं म्हणता येतंय ना, मग डोळे झाकून फॉर घाला. '2019 झाली मी इथं राहतोय' असं कुणी म्हणत नाही, तिथं सिन्स.

आता दुसरी चूक, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. आपण 'राहतोय' म्हणतो म्हणून इंग्रजीत पण 'ॲम लिव्हिंग' येतं, पण तेव्हा सुरू झालेलं आजपर्यंत चालू आहे हे दाखवायला तिथं 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं, मग पुढं फॉर असू दे नाहीतर सिन्स. म्हणजे वाक्य झालं 'आय हॅव बीन लिव्हिंग इन कोल्हापूर फॉर फाइव्ह इयर्स'.

फॉर संपलेल्या गोष्टीलाही चालतो. शाहू महाराज 1894 ला गादीवर आले आणि 1922 ला गेले, तर 'ही रूल्ड फॉर ट्वेंटी-एट इयर्स', इथं साधा भूतकाळ, हॅव नको. शिवाजी विद्यापीठ 1962 ला सुरू झालं आणि आजही आहे, म्हणून 'इट हॅज बीन हिअर सिन्स 1962'. पुढच्या काळाला पण फॉरच, 'आय विल बी इन पुणे फॉर टू डेज'.

सिन्सचा 'ज्याअर्थी' हा अर्थ वेगळा, त्यात वेळेचा संबंध नाही.

आणि हो, 'इट इज फाइव्ह इयर्स सिन्स आय केम टू कोल्हापूर' हे वाक्य कुठं दिसलं तर चूक समजू नका, एकदम बरोबर आहे ते. तिथला सिन्स पाच वर्षांना नाही, 'आय केम' ला जोडलाय, म्हणजे आपलं 'मी कोल्हापुरात येऊन पाच वर्षं झाली'.