हॉटेल मॅनेजमेंटचा प्रकल्प अहवाल

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. किचनमधले काम मला चांगले जमते, पण आता इंग्रजीत संशोधन प्रकल्प लिहायचा आहे. ‘हॉटेलांतील अन्नाची नासाडी’ हा विषय घेतला, तरी काय लिहावे ते सुचत नाही. आधीच्या तुकडीतील मुले जुना अहवाल थोडाफार बदलून द्यायला सांगतात. तसे चालेल का? शेफ होणाऱ्याला या लेखनाचा उपयोग तरी काय?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : जुना अहवाल मुळीच घेऊ नका. त्यातले आकडे दुसऱ्याच्या किचनचे असतात आणि तोंडी परीक्षेत ‘हे वजन कधी व कसे केले?’ एवढे विचारले, तरी उत्तर देता येत नाही. शिवाय हे सरळसरळ वाङ्मयचौर्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर आणि त्यापुढील प्रबंधांत 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. पुढे शिकायचे असेल, तर ही सवय आताच लागू नये.

तुम्हाला सुचत नाही याचे कारण तुमचे इंग्रजी नसून विषयाचा अवाढव्य आवाका आहे. ज्या हॉटेलात ट्रेनिंग केले, तेथील फक्त सकाळच्या बुफेपुरता तो मर्यादित करा. एक्झिक्युटिव्ह शेफची परवानगी घेऊन, शनिवार-रविवार धरून, सलग आठवडाभर दोन डबे वेगळे ठेवा: एकात पाहुण्यांच्या ताटात उरलेले अन्न आणि दुसऱ्यात बुफेवरून टाकून द्यावे लागलेले. दोन्ही डब्यांचे वजन रोज स्वतंत्रपणे लिहा. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण ताटातले अन्न बहुधा वाढून घेण्याच्या सवयीमुळे किंवा पदार्थ न आवडल्यामुळे उरते, तर बुफेवरचे अन्न किती पाहुणे येतील याचा अंदाज चुकल्यामुळे उरते. पहिल्यावर लहान ताटल्या हा उपाय होऊ शकतो, दुसऱ्यावर मुळीच नाही. त्या दिवशीचे कव्हर, म्हणजे खाऊन गेलेले पाहुणे, किती होते, हे रेस्टॉरंटमधून विचारून घ्या आणि दर कव्हरमागे किती ग्रॅम वाया गेले ते काढा. नुसत्या किलोंवरून गर्दीचा दिवस आणि रिकामा दिवस यांची तुलना करता येत नाही. इतके हाती आले की अहवालाचा गाभा तयार झाला.

पहिला खर्डा खुशाल मराठीत लिहा. नंतर छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. परीक्षकाला अलंकारिक भाषा नको असते. दुसऱ्याचे मत घ्यायचे, तर मूळ लेख वाचून मिटावा, आपल्या शब्दांत लिहावे आणि तेथेच लेखकाचे नाव व वर्ष द्यावे. शब्द बदलले म्हणून नाव गाळता येत नाही. सारांश मात्र सर्वांत शेवटी लिहा.

उपयोगाविषयी म्हणाल, तर शेफला प्रमाणित पाककृती, रोजचे इंडेंट (कोठारातून सामान मागवण्याची यादी), फूड कॉस्टचा हिशेब हे सारे लिहावेच लागते आणि नवे उपकरण मागायचे, तर व्यवस्थापनाला आकड्यांनिशी पटवावे लागते. मला तर वाटते, उत्तम हात असलेल्या कित्येकांची बढती या कागदांपाशीच अडते.

निष्कर्षात मात्र जपून लिहा: तुमचे आकडे एका हॉटेलाच्या एका आठवड्याचे आहेत. त्या आठवड्यात लग्नाचे वऱ्हाड उतरले असेल, तर तेही नोंदवा.