हत्तीचं डोकं आणि गदा असलेलं चौकोनी तांब्याचं नाणं खरंच ग्रीक आहे का? चिंचेनं घासून साफ केलं तर चालेल का?

चिंचेचं आधी सांगतो: अजिबात नको. लिंबू, पितांबरीही नको.

वर्णनावरून नाणं मिनँडरचं वाटतं. पाली ग्रंथातला मिलिंद तो हाच. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) मिलिंद महाविद्यालयाच्या नावातलाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला हिंद-ग्रीक राजा. या प्रकारच्या नाण्याचं वजन साधारण २.५ ग्रॅम, बाजू १.५ सेंमीच्या आसपास. हत्तीच्या गळ्यात घंटा, गदा ग्रीक वीर हेराक्लीसची.

पण चित्रावर विसंबू नका, अक्षरं वाचा. हत्तीच्या तीन बाजूंना ग्रीक: ‘बसिलेओस सोतेरोस मेनांद्रू’. गदेभोवती खरोष्ठी ही प्राचीन लिपी, उजवीकडून डावीकडे: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. दोन्हीकडे मजकूर एकच आणि दोन्हीकडे षष्ठी: तारणहार महाराज मिनँडरचं. खरोष्ठीतले तिन्ही शब्द ‘स’ने संपतात. म्हणजे एकच अक्षर तीन जागी सारखं दिसायला हवं. झिजलेल्या नाण्यावर मी आधी तेच शोधतो.

अक्षरं नाहीतच, एकीकडे हत्ती आणि दुसरीकडे सिंह असेल, तर ते तक्षशिलेचं स्थानिक नाणं असू शकतं. हत्तीसोबत ब्राह्मी लिपी असेल तर सातवाहनांचा विचार करा. विक्रेते सगळ्यालाच ‘ग्रीक’ म्हणतात.

खोटं ओळखायला कड बघा. अस्सल नाणं ठोकलेलं असतं: छिन्नीनं कापलेल्या कडा, कोपरे असमान, ठसा थोडा सरकलेला, एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं. साच्यात ओतलेल्या नाण्यावर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात, अक्षरं मेणासारखी मऊ, कडेला जोड किंवा तो लपवायला मारलेली कानस. दोन नाण्यांवर चीर अगदी एकाच जागी असेल तर दोन्ही सोडा.

साफ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला, सुटलेली माती बांबूच्या काडीनं काढा. गुळगुळीत हिरवा किंवा काळा थर राहू द्या. अक्षरांचे बारकावे बऱ्याचदा त्या थरातच असतात, आम्लानं तो गेला की खाली खड्डे उरतात. पोपटी भुकटी मात्र रोग आहे. धातूतलं क्लोराइड दमट हवेत पुन्हा पुन्हा आम्ल तयार करतं आणि नाणं पोखरत जातं. असं नाणं वेगळ्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवा. पावसाळ्यात जेल वरचेवर बदला. पीव्हीसीची पाकिटं टाळा.

आणि नाणं जमिनीत सापडलं असेल तर साफसफाई नंतर. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.