इंग्लंडमध्ये गवताच्या छोट्या एअरफील्डवर विमान घेऊन जायचं असेल तर वैमानिकाला काय काय पाळावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) नुकतंच हातात आलंय, शिकलात ते एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) असलेल्या डांबरी धावपट्टीवर, आणि आता मैत्रिणीला घेऊन हॅम्पशायरकडे कुठेतरी गवतावर उतरायचंय. तर परवानगी कुणाची घ्यायची आणि नियम कोणते. मी दक्षिण इंग्लंडमध्ये चौघांच्या भागीदारीतलं पायपर वॉरियर उडवतो आणि सुट्टीच्या दिवशी अशाच ठिकाणी जातो, म्हणून उत्तर देतोय.

पहिलं काम फोनचं. बहुतेक छोटी एअरफील्ड खासगी मालकीची असतात आणि त्यांच्या नावापुढे 'पीपीआर' लिहिलेलं असतं, म्हणजे आधी विचारल्याशिवाय यायचं नाही. काही ठिकाणी ऑनलाइन फॉर्म असतो, तरी मी फोनच करतो. धावपट्टीची लांबी, सर्किट (उतरण्याआधी मैदानाभोवती फिरायचा ठरलेला मार्ग) डावं की उजवं, हे सगळं पूलीजच्या एअरफील्ड गाइडमध्ये किंवा स्कायडेमॉन या अ‍ॅपवर मिळतं. पण कालच्या पावसानं पूर्वेकडचं टोक मऊ झालंय, गवत कापायचं राहिलंय, दुपारी ग्लायडर उडणार आहेत, हे फक्त तिथला माणूस सांगतो. म्हणून विमानाचा नंबर आणि यायची वेळ सांगून लगेच फोन ठेवू नका. 'पहिल्यांदाच येतोय' असं सांगा. लोक हौसेनं माहिती देतात.

भारतात एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर मिळाल्याशिवाय चाकं हलत नाहीत. इथे नियंत्रित हवाई हद्दीबाहेर देशांतर्गत व्हीएफआर (म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत केलेल्या) उड्डाणाला फ्लाइट प्लॅनसुद्धा सक्तीचा नाही. ऐकायला छान वाटतं, पण एटीसीच्या सवयीत वाढलेला माणूस नेमका इथेच अडखळतो. हाकेला उत्तर देणारा एअरफील्डच्या नावापुढे 'रेडिओ' म्हणाला तर समोरचा माणूस तुम्हाला उतरायची परवानगी देऊच शकत नाही. तो वारा सांगेल, माहीत असलेली विमानं सांगेल, बाकी निर्णय तुमचा. 'क्लिअर्ड टू लँड' ऐकू येईल म्हणून फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) वाट बघत बसू नका. एअरफील्डला स्वतःची फ्रिक्वेन्सीच नसेल तर १३५.४८० वर सेफ्टीकॉम ही सगळ्यांसाठीची सामायिक फ्रिक्वेन्सी असते. तिथे कुणी उत्तर देवो न देवो, एअरफील्डचं नाव घेऊन आपण कुठे आहोत ते बोलत राहायचं. रेडिओ नसलेलं विमानही सर्किटमध्ये असू शकतं, त्यामुळे खरी भिस्त डोळ्यांवर.

माहिती नसलेल्या ठिकाणी सहसा ओव्हरहेड जॉइन करतात: मैदानापासून २००० फूट उंचीवर वरून विंडसॉक बघायचा, सर्किटच्या विरुद्ध बाजूला खाली यायचं, ज्या टोकाकडे विमानं उडून जातात ते टोक सर्किटच्या उंचीवर ओलांडायचं आणि डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेच्या टप्प्याला) लागायचं. पण हेही डोळे झाकून नाही. केंटमधल्या हेडकॉर्नला पॅराशूटवाले उड्या मारतात, तिथे डोक्यावरून जाणं वर्ज्य. ग्लायडर जमिनीवरच्या विंचच्या केबलनं वर ओढतात तिथेही तेच, केबल दिसत नाही.

आवाजाचा विषय नवीन लोक फार हलक्यात घेतात. अशी कित्येक मैदानं स्थानिक कौन्सिलच्या अटींवर चालतात. काही शेतातल्या पट्ट्या तर नियोजन परवानगीशिवाय वर्षातून २८ दिवसच वापरता येतात. पाहुणा गावावरून कमी उंचीवर घुमवत जातो आणि घरी परततो. तक्रार मात्र मालकाच्या दारात येते. हॅम्पशायरमधलंच पॉपम घ्या, ए-३०३ रस्त्याला लागून आहे. तिथे २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर येताना सरळ रेषेत न येता तिरकं यावं लागतं, कारण पेट्रोल पंपावरून जायचं नाही. एअरफील्डच्या नकाशावर टाळायला सांगितलेली गावं टाळायची म्हणजे टाळायचीच. सर्किट थोडं मोठं झालं तरी चालेल.

आता गवत. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. विमानाच्या पुस्तकातले आकडे बहुधा कोरड्या, कडक धावपट्टीचे असतात. सीएए या ब्रिटनच्या विमान वाहतूक नियामकाच्या सूचनेप्रमाणे कोरड्या गवतावर उड्डाणाचं अंतर २० टक्क्यांनी वाढतं, ओल्यावर ३० टक्क्यांनी; उतरताना कोरड्यावर १५, ओल्यावर ३५. बारीक कापलेलं ओलं गवत तर घसरडं, तिथे ६० टक्क्यांपर्यंत धरायला सांगतात. त्यावर सुरक्षिततेसाठी उड्डाणाला १.३३ नं आणि उतरण्याला १.४३ नं गुणायचं. समजा पुस्तकात उतरायला ४०० मीटर लिहिलंय. ओल्या गवताचे झाले ५४०, गुणल्यावर ७७२. धावपट्टी ७०० मीटरची असेल तर त्या दिवशी जायचं नाही, इतकं सोपं आहे. आणि उतरता आलं म्हणजे निघताही येईल असं नाही: वजन १० टक्क्यांनी वाढलं की उड्डाणाचं अंतर २० टक्क्यांनी वाढतं, २ टक्के चढ असेल तर आणखी १०. मैत्रीण, तिची बॅग आणि पूर्ण भरलेल्या टाक्या हे सगळं कागदावर मांडून बघा, जाण्याचं आणि परतीचं वेगवेगळं.

जमिनीवर आल्यावर काठी मागे ओढून हळू टॅक्सी करा, म्हणजे पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. सशाच्या बिळात ते चाक गेलं की पंख्याचं (प्रोपेलरचं) टोक मातीला लागतं आणि इंजिन उघडून तपासावं लागतं. पांढरी फुली दिसेल तो भाग बंद असतो. पिवळ्या पाटीवर काळा 'सी' असेल तिथे जाऊन वहीत नोंद करायची, लँडिंग फी द्यायची. कुणी नसेल तर पैसे पेटीत टाकायचे. मैत्रिणीला बजावून ठेवा: पंखा पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि विमानाच्या पुढून तर कधीच जायचं नाही. ही जबाबदारी सर्वस्वी तुमची, एअरफील्डची नाही.

वाटेत हवा बिघडली आणि समोर परवानगी न घेतलेलं मैदान दिसलं, तर पीपीआरचा विचार करत पुढे रेटू नका. रेडिओवर सांगा आणि उतरा. स्ट्रासर योजनेत सामील असलेली मैदानं अशा वेळी लँडिंग फीसुद्धा घेत नाहीत.