खडकात कोरलेले, खडकावर बांधलेले

प्रश्न : खडकात कोरलेली आणि खडकावर बांधलेली वास्तू यांत नेमका फरक काय?

उत्तर : बांधकाम पायापासून वर चढते, तर असे कोरीवकाम बहुधा माथ्यापासून खाली उतरते. इथिओपियातील लालिबेला येथे खडकात चहूबाजूंनी खोल चर खणून आधी अखंड ठोकळा मोकळा केला गेला आणि मग त्यातूनच दारे, खिडक्या, खांब घडवले गेले. तेथील क्रूसाकृती गिओर्गिस चर्चच्या छतावर एकात एक कोरलेले क्रूस भोवतालच्या जमिनीवर उभे राहिले की स्पष्ट दिसतात. छिन्नीचा एक घाव चुकला, तर निघालेला दगड परत लावता येत नाही, म्हणून मला हे काम अधिक थोर वाटते. ग्रीसमधील मेटेओरा येथे मात्र सुळक्यांच्या माथ्यावर मठ बांधलेले आहेत आणि तेथे माणसांनाही जाळ्यांत बसवून दोरखंडाने वर ओढून घेत असत.