सूर्य नसलेल्या गावात सुट्टी : ट्रोम्सोबद्दल वाचकांचे प्रश्न

उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो हे जेमतेम पाऊण लाख वस्तीचं शहर. आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर वर, एका बेटावर ते वसलेलं आहे. हिवाळ्यात तिथं सहकुटुंब जाऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले वारंवार आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मुलांना नाताळातच सुट्टी असते. पण त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही म्हणे. मग दिवसभर खोलीत बसून राहायचं का? (पुणे)

सूर्य उगवत नाही हे खरं, पण दिवसभर मिट्ट काळोख असतो हे खरं नाही. साधारण २७ नोव्हेंबरपासून १५ जानेवारीपर्यंत सूर्य क्षितिजाखालीच असतो. त्यातून दक्षिणेला डोंगर आडवे येत असल्यामुळे शहरातून तो पुन्हा दिसायला २१ जानेवारी उजाडावी लागते. त्या दिवशी गावात उत्सव असतो आणि जॅम भरलेले गोड बन खाल्ले जातात. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी साडेनऊपासून दुपारी दोनच्या आतबाहेर निळसर-गुलाबी संधिप्रकाश असतो. चालायला, बर्फात खेळायला, फोटो काढायला तो पुरतो. बाहेरचे कार्यक्रम या चार-साडेचार तासांत बसवा. संग्रहालयं, मत्स्यालय, वाचनालय त्यानंतर. सार्वजनिक वाचनालय फुकट आहे, उबदार आहे, मुलांसाठी वेगळा भागही आहे. पोलारिया या मत्स्यालयातल्या दाढीवाल्या सीलना खाऊ घालण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या पाहूनच जा.

खरी अडचण अंधाराची नाही, नाताळाची आहे. २४ डिसेंबरच्या दुपारनंतर आणि २५, २६ तारखांना दुकानं, बरीचशी हॉटेलं आणि संग्रहालयं बंद. बसफेऱ्याही कमी. किराणा २३ तारखेलाच भरून ठेवा आणि त्या तीन दिवसांच्या सहली आधीच ठरवून ठेवा. शिवाय डिसेंबरात किनाऱ्यावर बर्फाऐवजी पाऊसही पडू शकतो. शाळा बुडवणं शक्य असेल तर आमचं मत फेब्रुवारीच्या बाजूने. तेव्हा भरपूर बर्फ असतो, महिन्याच्या अखेरीस दिवस नऊ तासांपर्यंत वाढलेला असतो आणि रात्री नॉर्दर्न लाइट्ससाठी, म्हणजे आकाशात उमटणाऱ्या ध्रुवीय प्रकाशासाठी, पुरेशा काळ्या असतात. ६ फेब्रुवारी हा सामी लोकांचा, म्हणजे या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचा, राष्ट्रीय दिन. त्याच्या आसपास शहराच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात.

प्रश्न : उणे तीसला चालतील असे जॅकेट इथूनच घ्यावेत का? सहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई बरोबर आहेत. (डोंबिवली)

ट्रोम्सो शहरात उणे तीस होत नाही. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चारच्या घरात असतं. उणे वीस ते तीस गाठायचं ते आत, फिनलंडच्या सीमेकडे. तिकडे नेणाऱ्या बहुतेक सहली अंगभर थर्मल सूट आणि बूट देतात. आरक्षण करताना मुलाच्या मापाचे आहेत का हे तेवढं विचारून घ्या. महागडं जॅकेट घेण्यापेक्षा तेच पैसे आतल्या कपड्यांवर खर्च करा.

अंगाला लागून लोकरीचं, शक्यतो मेरिनोचं, पूर्ण बाह्यांचं बनियन आणि लांब विजार. त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. सुती कपडा अंगाला लागून अजिबात नको. चालताना आलेला घाम सूत धरून ठेवतं आणि थांबलात की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. जीन्सचंही तेच. मुलाला पाचबोटी हातमोज्यांऐवजी सगळी बोटं एकत्र राहणारे मिटन घाला आणि एक कोरडा जोड खिशात ठेवा, कारण पहिला जोड अर्ध्या तासात भिजणारच. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गारठतात. एकच जाड लोकरी मोजा बरा.

कडेवर किंवा स्लेजमध्ये बसलेलं मूल हालचाल करत नाही, म्हणून तुम्हाला घाम फुटलेला असताना ते गारठलेलं असू शकतं. हात गार लागले तर घाबरू नका. मानेमागे, कॉलरच्या आत बोट घालून पाहा. मान गार असेल तर लगेच आत न्या. गालावर किंवा नाकावर पांढुरका डाग दिसला तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. उघडा, उबदार तळवा त्यावर धरून ठेवा आणि आडोशाला जा. रंग परतला नाही, भाग कडक किंवा बधिर राहिला, तर डॉक्टर. तातडीच्या वैद्यकीय सल्ल्यासाठी ११६११७ आणि रुग्णवाहिकेसाठी ११३ हे नंबर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या.

सासूबाईंसाठी थंडीपेक्षा निसरडं जास्त धोक्याचं. तापमान शून्याच्या वरखाली होत राहतं, पाऊस पडतो, रात्री तो गोठतो आणि फुटपाथ काचेसारखा होतो. त्यावर उपाय म्हणजे बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे. तिथे त्यांना ब्रॉडर म्हणतात आणि किराणा दुकानांतही ते मिळतात. टाचेपुरते नको, पूर्ण तळव्याचे घ्या. दुकानात किंवा हॉटेलात शिरताना मात्र ते काढायचे. गुळगुळीत लादीवर खिळे बर्फापेक्षाही जास्त घसरतात. पावलं छोटी टाका, हात खिशात ठेवू नका. दम्याचा त्रास असेल तर नाकातोंडावर मफलर आणि पंप आतल्या खिशात. इन्सुलिन बाहेरच्या बॅगेत ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा.

प्रश्न : चार रात्रींत नॉर्दर्न लाइट्स नक्की दिसतील ना? अ‍ॅपवर केपी पाच-सहा दिसेल तेव्हाच बाहेर पडावं का? आणि फोनने फोटो येतो का? (नाशिक)

‘नक्की’ असं सांगणाऱ्या माणसाकडून तिकीट घेऊ नका. केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा शून्य ते नऊ असा आकडा. तो मोठा लागतो दक्षिणेकडच्या गावांना. ट्रोम्सो या प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येतं, त्यामुळे तिथे केपी एक-दोन असला तरी पुरे. आडवे येतात ते ढग. म्हणून केपीच्या आकड्यापेक्षा नॉर्वेच्या हवामान खात्याची ‘यूर’ ही सेवा उघडून तासातासाचं ढगांचं प्रमाण पाहा. शहरावर ढग आणि आत निरभ्र, असं बऱ्याचदा असतं. लिंगेनचे उंच डोंगर समुद्राकडून येणारे ढग अडवतात, त्यामुळे त्यांच्यापलीकडे शिबोत्नला आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. मिनीबसच्या सहली हेच करतात, प्रसंगी फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीपर्यंत जातात. सीमा ओलांडायची असते, तेव्हा पासपोर्ट बरोबर हवेत. ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवून गेलात तर अडचण.

बसची सहल पहिल्या किंवा दुसऱ्या रात्रीची घ्या, म्हणजे ढगांनी हुकली तर पुढे रात्री शिल्लक राहतात. पण लहान मुलांसाठी या सहली जड जातात. सहा ते आठ तास, त्यातले निम्मे गाडीत, परत यायला रात्रीचे एक-दोन. आकाश स्वच्छ असेल तर बेटावरच्याच प्रेस्तव्हान्नेत तळ्याकाठी किंवा दक्षिण टोकाच्या तेलेग्राफबुक्ता किनाऱ्यावर जा. दिव्यांचा थोडा त्रास होतो, पण चांगला प्रकाश तिथूनही दिसतो.

आपल्याकडून जाणाऱ्यांची एक गंमत होते. हिवाळ्यात नॉर्वेचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे सात वाजले की शरीराच्या हिशेबाने साडेअकरा झालेले असतात आणि नेमक्या नॉर्दर्न लाइट्सच्या वेळी सगळं कुटुंब पेंगतं. पहिले दोन-तीन दिवस मुलांना दुपारी दोन ते पाच सरळ झोपवा. अंधारच असतो, त्यामुळे पडदे ओढायचीही गरज नाही.

डोळ्यांना काय दिसतं तेही आधी माहीत असलेलं बरं. मंद प्रकाश राखाडी-पांढऱ्या ढगाच्या पट्ट्यासारखा वाटतो, हिरवा दिसतो तो कॅमेऱ्याला. जोर धरला की डोळ्यांनाही हिरवा रंग आणि हलणारे पडदे स्पष्ट दिसतात. शंका आली तर त्या पट्ट्यावर फोन धरून एक फोटो काढून पाहा.

फोनने फोटो येतो. नाइट मोड, तीन ते दहा सेकंद, फ्लॅश बंद आणि फोन ट्रायपॉडवर. हातात धरून नाही. कॅमेऱ्यावर मॅन्युअल मोड, लेन्स पूर्ण उघडी (एफ २.८ असेल तर उत्तम), आयएसओ १६०० ते ३२००. प्रकाश वेगाने हलत असेल तर दोन-चार सेकंद, संथ असेल तर दहा-पंधरा. फोकस लांबच्या दिव्यावर किंवा ताऱ्यावर हाताने लावा, ऑटोफोकस अंधारात चाचपडत राहतो. जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात. परत येताना कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग आत आणा आणि दोन तास उघडू नका. नाहीतर खोलीतली दमट हवा थंडगार लेन्सवर, आतल्या काचांवरही, पाणी होऊन बसते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. तूप, पेढे, कुकर नेऊ का? (सांगली)

तूप आणि पेढे नको. युरोपबाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. तूप, खवा, बर्फी, पनीर सगळं त्यात आलं. सीलबंद बाळदूध दोन किलोपर्यंत चालतं. जर्मनी किंवा फिनलंडमार्गे गेलात तरी नियम तेच. कढीपत्ता, ताज्या मिरच्या याही टाळा. भाजणी, मेतकूट, पोहे, तेलाचा चिवडा, मसाले बंद पाकिटांत न्या. तांदूळ, मसूर डाळ, डबाबंद छोले-राजमा, दही, लोणी, भाज्या तिथल्या किवी, रेमा १०००, कूप या दुकानांत मिळतात. रविवारी मोठी दुकानं बंद. नळाचं थंड पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. बाहेर चार माणसांचं जेवण खिशाला फार झोंबतं. शेगडी बहुधा इंडक्शनची असते, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथे शोभेची वस्तू ठरेल. इंडक्शन बुडाचा स्टीलचा न्या. फोडणी मात्र जपून. धुराचा अलार्म अनेक इमारतींत थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो, आणि फुकट बंब आला तर काही हजार क्रोनरचं बिल पाहुण्याच्या नावावर येऊ शकतं. चिमणी आधी सुरू करा, तेल धुरावू देऊ नका, मिरची शेवटी टाका, आणि अलार्मवर पिशवी बांधण्याची युक्ती करू नका.

रेनडिअरच्या सहलीत तंबूत जेवण असतं ते बहुधा ‘बिदोस’, म्हणजे रेनडिअरच्याच मांसाचं कालवण. शाकाहारी सूप आरक्षणाच्या वेळीच मागून ठेवावं लागतं.

प्रश्न : कुत्र्यांची स्लेज, देवमासे, रेनडिअर, केबल कार. पाच वर्षांच्या मुलीला यातलं काय झेपेल? (ठाणे)

रेनडिअर सगळ्यांत सोपं. स्लेज संथ चालते, खाऊ घालता येतो, सगळं दोन-तीन तासांत आटोपतं.

कुत्र्यांच्या स्लेजमध्ये मोठ्या माणसाने मागे उभं राहून हाकायचं आणि मुलीने पुढे बसायचं, किंवा दोघांनी बसायचं आणि हाकणारा वाटाड्या. लहान मूल असेल तर दुसरा प्रकार घ्या. निघण्यापूर्वी कुत्री कान किटेपर्यंत भुंकतात, मुलं तिथेच घाबरतात. स्लेज सुटली की सगळं शांत होतं, हे मुलीला आधी सांगून ठेवा. स्वतः हाकत असाल तर एकच नियम : दांडीवरचे हात कधीच सोडायचे नाहीत, आणि थांबलेले असताना ब्रेकवरचा पायही काढायचा नाही. पडलात तरी कुत्री थांबत नाहीत.

देवमाशांची सहल पाच वर्षांच्या मुलीसाठी आम्ही सुचवणार नाही. हेरिंग माशांच्या मागे हंपबॅक आणि ऑर्का नोव्हेंबर ते जानेवारी या काळात शियरव्होय बेटाच्या आसपास येतात. ट्रोम्सोहून बोटीने तिथे पोहोचायलाच तीन तास, परतीचे तीन, आणि मधल्या उघड्या समुद्रात लाटा. जायचंच असेल तर बंदिस्त, मोठी बोट घ्या आणि उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

केबल कार चार मिनिटांत ४२१ मीटरवर नेते. जोराचा वारा असला की ती बंद ठेवतात, म्हणून तिकीट आदल्या दिवशी नको, हवा पाहून काढा. वर गावापेक्षा बरंच गार असतं. शेर्पांनी बांधलेल्या १२०३ दगडी पायऱ्यांनी उतरण्याचा मोह हिवाळ्यात टाळा, त्या बर्फाखाली असतात.

आणि मुलीच्या जॅकेटवर, पाठीवरच्या पिशवीवर चकाकणाऱ्या पट्ट्या लावाच. तिथे मोठी माणसंही लावतात, कारण अंधारात गाडीवाल्याला गडद कपड्यातलं माणूस फार उशिरा दिसतं.

प्रश्न : व्हिसा आणि विमानाचं कसं करावं? जोडून स्वालबार्डही करता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान मुदत पंधरा दिवसांची आहे, पण नाताळासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना माफ. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.

ओस्लोहून ट्रोम्सो दोन तासांच्या आत. भारतातून येताना ओस्लोला सामान ताब्यात घेऊन, कस्टममधून बाहेर येऊन पुन्हा द्यावं लागण्याची शक्यता धरा आणि मध्ये किमान तीन तास ठेवा. रेल्वे ट्रोम्सोपर्यंत जात नाही. सर्वांत जवळचं स्टेशन नार्विक, तिथून पुढे चार तासांहून अधिक बस.

स्वालबार्ड हा आणखी उत्तरेकडचा बेटांचा समूह नॉर्वेचाच भाग असला तरी शेंगेनच्या बाहेर आहे. तिकडे गेलात की शेंगेन सोडलं अशी नोंद होते, म्हणून परत यायला दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा असेल तर तो बेत सोडा.

प्रश्न : गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवावी का? (कोल्हापूर)

नको. आपल्या परवान्यावर पर्यटकाला चालवता येते, पण उजवीकडची वाहतूक, अंधार, बर्फाळ घाट आणि वाटेत येणारे रेनडिअर हे सगळं एकाच रात्री शिकायची गोष्ट नाही. बस आणि मिनीबस पुरेत.