बहिणीला २४व्या आठवड्यातच कळा येताहेत, बारामतीहून पुण्याला हलवावं का?

तिथले डॉक्टर प्रवासाला हो म्हणत असतील तर लगेच हलवा, बाळ पोटात असतानाच. जन्मल्यावर नेण्यात जोखीम फार. मात्र निघण्याआधी स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन तिथेच देता येईल का, ते विचारा. बाळाच्या फुप्फुसांना त्याचा पूर्ण फायदा व्हायला साधारण २४ तास लागतात. मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्याबद्दलही विचारा. पुण्यात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) व्हेंटिलेटरसह बेड रिकामा आहे, याची फोनवर खात्री करूनच गाडी काढा.

खोटा धीर देत नाही. २४ आठवड्यांचं बाळ जेमतेम ६००-७०० ग्रॅमचं असतं. काही बाळं वाचत नाहीत, वाचलेल्यांपैकी काहींना पुढे चालणं, दिसणं, शिकणं जड जातं. पण या टप्प्यावर पोटातला एकेक दिवस मोलाचा. किती उपचार करायचे, कुठे थांबायचं, हे प्रसूतीआधीच बालरोगतज्ज्ञांशी बसून बोला. बहिणीलाही त्यात घ्या, तिच्यापासून लपवू नका.

माझी लेक २६व्या आठवड्यात जन्मलेली. दवाखान्यातला मुक्काम जवळपास प्रसूतीच्या मूळ तारखेपर्यंत लांबला, तेव्हा पैशांची आणि राहण्याची सोय त्या हिशेबाने करा. दूध पहिल्या दिवसापासून काढायला लावा, थेंबभर आलं तरी. कमी पडलं तर ससूनमध्ये मातृदुग्धपेढी आहे. आणि जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अजिबात चुकवू नका. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.